गॅनोडर्मा मूळकुज

रस्त्याकडेच्या व उद्यानांतील वृक्षांची मुळे आणि बुंधा आतून कुजवणारा बुरशीजन्य रोग. गॅनोडर्मा वंशातील बुरशींमुळे तो होतो. फिनलंडचे कवकशास्त्रज्ञ पेटर कार्स्टेन यांनी १८८१ मध्ये हा वंश स्थापन केला. ग्रीक शब्दांवरून बनलेल्या नावाचा अर्थ ‘चकाकती त्वचा’. गुलमोहर, शिरीष, बाभळीच्या जाती, सुबाभूळ यांना तो विशेष होतो. नारळ-सुपारीच्या बागांतही आढळतो.

ओळख : पावसाळ्यात बुंध्याच्या तळाशी किंवा उघड्या मुळांवर अर्धगोल, कडक अळंबी उगवते. तिची वरची बाजू तांबूस तपकिरी, बहुधा रोगण दिल्यासारखी चकचकीत. वाढती कड पांढरी. खाली छत्रीसारखे पडदे नसतात, बारीक छिद्रे असतात. त्यांतून पडणाऱ्या बीजाणूंची कोको पावडरसारखी भुकटी आसपास साचते. (कोकणात फणसाच्या खोडावरची जी ‘फणसोंबा’ उगाळून औषधाला वापरतात, ती वेगळ्या, फेलिनस वंशातली.) अळंबी दिसते तेव्हा आतली कूज बहुधा बरीच पुढे गेलेली असते. बुरशी लाकडातले लिग्निन खाते. लाकूड पांढरट, स्पंजासारखे होते. शेंड्याची पाने विरळ व लहान होणे, फांद्या वाळणे ही लक्षणे दिसतात, पण नेहमीच नाहीत. हिरवागार गुलमोहर पहिल्या वादळी पावसात मुळासकट आडवा होतो, तेव्हा लोक वाऱ्याला दोष देतात. तुटलेली मुळे पाहावीत. लाकडी हातोडीने बुंधा ठोकल्यास पोकळ आवाज येतो, मात्र मातीखालची कूज त्याने कळत नाही.

प्रसार व कारणे : बीजाणू जखमांतून शिरतात, रोगट मूळ निरोगी मुळाला टेकले तरी लागण होते. केबल आणि जलवाहिन्यांसाठी खणलेले चर, बुंध्यापर्यंत ओतलेले काँक्रीट आणि भरावात गाडलेला बुंधा या जखमा माणसाने केलेल्या आहेत, म्हणूनच त्या टाळता येतात.

उपाय : कुजलेले लाकूड पूर्ववत करणारे औषध नाही. अळंबी खरवडल्याने बीजाणू घटतात, रोग हटत नाही. निंबोळी पेंडीसह ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी मातीत मिसळणे प्रतिबंध म्हणून उपयोगी. जुन्या लागणीत त्यावर विसंबू नये. फांदी छाटताना तिच्या बुडाचा फुगवटा राखावा. अमेरिकी वृक्षशास्त्रज्ञ ॲलेक्स शिगो यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या प्रारूपानुसार झाड कुजलेला भाग दुरुस्त करीत नाही, त्याभोवती भिंती घालून तो कोंडते. फुगवटा कापला की या बचावाची जागाच जाते. बुंध्याभोवती किमान एक मीटर माती मोकळी ठेवावी. दिल्लीबाबत राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये तसाच आदेश दिला होता.

बुंध्याच्या मोठ्या घेरावर अळंबी असून झाड रहदारीवर झुकले असेल, तर जाणकाराकडून तपासून घ्यावे. ते काढावे लागल्यास महाराष्ट्राच्या शहरी भागांत १९७५ च्या वृक्षसंरक्षण अधिनियमानुसार परवानगी आवश्यक असते. खुंट व जाड मुळेही उपसावीत, कारण बुरशी त्यांत अनेक वर्षे टिकते. त्याच खड्ड्यात पुन्हा गुलमोहर लावू नये.