मिरची आली, कोको का आला नाही?

दोन वर्षांपूर्वी मंडळासाठी लिहिलेल्या एका टिपणात मी एक वाक्य बेधडक लिहून गेलो होतो: ‘पोर्तुगीजांनी मिरची, काजू, अननस, पेरू यांच्याबरोबर कोकोही गोव्यात आणून लावला.’ एका वाचकाने पुरावा विचारला. माझ्याकडे तो नव्हता. अमेरिकेतली बाकीची झाडं आली, मग हेही आलं असणार, असा तो निव्वळ अंदाज होता. बेळगावच्या फाउंड्रीत तीस वर्षं काढलेल्या माणसाने माप न घेताच आकडा लिहावा, तसा प्रकार झाला. हा लेख म्हणजे त्या वाक्याची दुरुस्ती.

सुरुवात एका ओळखीच्या माणसापासून करू. इटालियन प्रवासी जेमेल्ली कारेरी मराठ्यांच्या इतिहासाच्या वाचकांना नवा नाही. १६९५ साली तो दमण, वसई करत गोव्यात आला आणि तिथून कृष्णाकाठच्या गलगल्याला औरंगजेबाची छावणी पाहायला गेला. आपण त्याला तिथेच सोडतो. पण तो पुढे चीनला गेला, मनिलाहून स्पॅनिश गलबताने पॅसिफिक ओलांडून १६९७ मध्ये मेक्सिकोत उतरला, आणि तिथल्या वर्णनात त्याने कोको आणि चॉकलेट यांचीही माहिती दिली. गंमत म्हणजे चॉकलेट त्याच्या सामानात आधीपासूनच होतं. भारतात येण्यापूर्वी तुर्की मुलखात त्याने एका आगाला ते पाजलं, तेव्हा ‘मला भ्रमिष्ट करणारं काहीतरी पाजलंस’ म्हणून तो आगा त्याच्यावर भडकला होता.

चॉकलेट म्हणजे त्या काळी वडी नव्हे, पेय. दक्षिण इक्वेडोरमधल्या एका स्थळी कोकोच्या वापराचे सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचे पुरावे मिळाले आहेत. ग्वाटेमालात रिओ अझुल इथे १९८४ साली एका माया थडग्यात झाकणाचं मातीचं भांडं सापडलं. आतल्या अवशेषांत कोकोची रासायनिक खूण मिळाली आणि भांड्यावर माया लिपीत ‘काकाव’ हा शब्दही वाचला गेला. मायांकडे हे पेय गरम घेत, ॲझ्टेकांकडे बहुतेक वेळा गार. भाजून वाटलेल्या बिया पाण्यात कालवायच्या, त्यात मक्याचं पीठ, मिरची, रंगाला शेंद्री घालायची, आणि एका भांड्यातून दुसऱ्यात उंचावरून ओतून फेस आणायचा. दक्षिणेत कॉफी ओढतात तसंच. स्पॅनिश लोकांनी साखर आणि दालचिनी घातली. १६३१ साली माद्रिदला छापलेल्या कोल्मेनेरो याच्या पुस्तिकेत शंभर बियांना दोन मिरच्या हे प्रमाण आहे. म्हणजे युरोपात पोचल्यावरही मिरची आणि कोको एकाच भांड्यात होते.

मग त्यातली एक आपल्या घराघरांत आली, आणि दुसरा का नाही?

उत्तर शोधताना आधी हात काळे करावेत म्हटलं. पुत्तूरकडच्या ओळखीच्या बागायतदाराकडून किलोभर बिया आणल्या, आंबवून वाळवलेल्या. लोखंडी तव्यावर मंद आचेवर भाजल्या, टरफलं काढून सुपात पाखडल्या आणि पाट्यावर घेतल्या. मेक्सिकोतला ‘मेताते’ म्हणजे आपला पाटाच, फक्त तीन पायांचा आणि उतरता. बाया गुडघ्यांवर बसून त्यावर वाटत, आणि खाली निखारे ठेवत. मी पाटा उन्हात तापवून घेतला. मला वाटलं होतं कोरडी पूड होईल. झाला चकचकीत, पळीवरून ओघळणारा लगदा. बीचं निम्मं वजन स्निग्धांशाचं, आणि तो सुमारे ३४ अंशांना वितळतो. आमच्या घरचा शेरा: “दाण्याचं कूट जास्त वाटलं की तेल सुटतं, हे तुम्हाला आत्ता कळलं?”

लगदा गरम पाण्यात घातला तर तेलाचे डोळे वर तरंगू लागले. रवीने घुसळल्यावरच ते पाण्यात मिसळले आणि वर फेस आला. स्पॅनिश लोकांचं ‘मोलिनियो’ हे असंच दोन तळव्यांत फिरवायचं लाकडी घुसळणं. पेय कडू, दाट, पोटभरीचं. चिमूटभर ब्याडगी घातली, आणि कडवटपणा एकदम सुसह्य झाला.

उरलेल्या बियांपैकी वीस मी कुंडीत पेरल्या. एकही उगवली नाही. बागायतदाराला फोन केला तर तो हसला. म्हणाला, “साहेब, त्या मेलेल्याच असतात.” इथे माझं उत्तर होतं. फळातून काढलेली बी पाच-सात दिवस आंबवतात. तेव्हा ढीग पन्नास अंशांच्या आसपास तापतो आणि कोंब मरतो. त्याशिवाय चॉकलेटची चव येत नाही. न आंबवता ठेवली तरी ही बी वाळवण सोसत नाही, काही दिवसांतच मरते. मिरचीचं बी वाळवून पुडीत बांधा, वर्षा-दोन वर्षांनीही उगवतं. काजू, पेरू, शेंद्री यांच्या बिया वाळवणीला टिकतात, अननसाचा शेंडा खोचला तरी लागतो. लिस्बनहून गोव्याला यायला सहा महिने आणि जास्तच लागत. त्या प्रवासात कोकोचं पेय येऊ शकत होतं, झाड नाही.

एवढ्यावर थांबलो असतो तर पुन्हा तीच घाई झाली असती. कारण फिलिपिन्समध्ये कोको पोचला. १६७०च्या सुमारास अकापुल्कोहून जिवंत रोप तिथे नेल्याचं सांगतात, आणि तिथल्या घरांत चॉकलेट आजही घुसळून पितात. रोप जगवून नेणं अवघड होतं, अशक्य नव्हतं. पण तिथे मेक्सिकोहून दरवर्षी थेट गलबत येई, आणि त्यातून येणारे पाद्री व अधिकारी चॉकलेटवाचून राहू शकत नसत. गोव्याला असा थेट रस्ताही नव्हता आणि एवढी तलफही नव्हती. मिरचीला कुणाच्या तलफेची गरज पडली नाही. ती मिऱ्याच्या जागी बसली आणि शेतकऱ्याने स्वतःच पसरवली.

भारतात कोकोची नोंद मिळते ती १७९८ची, कुर्तालमची, ईस्ट इंडिया कंपनीच्या हातून. बागायतदारांकडे तो खऱ्या अर्थाने आला १९६०-७०च्या दशकांत, केरळ आणि दक्षिण कन्नडमध्ये सुपारी-नारळाच्या सावलीत. तोवर पेय बदललं होतं. १८२८ साली हॉलंडमध्ये व्हान हाउटेनने दाबयंत्राने निम्मा स्निग्धांश पिळून काढायची रीत आणली, आणि पाटा-रवीचं काम संपलं. आपल्या लहानपणी डब्यातून आलेला कोको तो हा, पिळून उरलेल्या पेंडीची पूड.

तेव्हा जुन्या वाक्यातून ‘कोकोही’ हा शब्द मी मागे घेतो. प्रश्न विचारणाऱ्या वाचकाचे आभार. पुढच्या बैठकीला पाटा, रवी आणि ब्याडगी घेऊन येतो. गलगल्यापर्यंत आलेल्या कारेरीच्या पेल्याची चव तरी सगळ्यांनी घेऊ.