मागच्या रांगेतले चेहरे

किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३चा, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांचा. गणपती विसर्जनाची ती रात्र, दमलेली माणसं गाढ झोपलेली. दगडमातीच्या रुंद भिंती, वर मातीचं जड माळवद. ती घरं बसली तेव्हा माणसांबरोबर भिंतीवरच्या तसबिरीही गाडल्या गेल्या. पुढे ५२ गावं नव्या जागी वसली. नव्या घरांना भिंती मिळाल्या, पण त्यांवर टांगायला जुने चेहरे नव्हते.

मित्रहो, चेहरे अगदीच गेले होते असं मात्र नाही. लग्नाचे फोटो काढणारा बहुधा औसा, उमरगा, निलंगा नाहीतर लातूरचा. फोटो गावात आणि निगेटिव्ह त्याच्या दुकानात. त्यातल्या जुन्या १२० नंबरच्या फिल्मवरच्या. ही फिल्म कोडॅकनं १९०१ साली आणली. एका रोलमध्ये १२ चौकोनी फोटो, मग फोटोग्राफर हात आखडूनच चालणार. म्हणून एकेका चौकटीत सगळी भावकी उभी असते.

त्याआधीचा जमाना काचेच्या प्लेटचा. किल्लारी तेव्हा निजामाच्या राज्यात. सहाव्या निजामाचे छायाचित्रकार लाला दीनदयाळ यांच्या काचेच्या प्लेट दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात सुखरूप आहेत. नवाबांचं जपलं गेलं. कुळवाड्यांचं आपणच जपायचं!

अशाच एका बंद पडलेल्या दुकानातले डबे आम्ही चौघांनी उघडले आणि गाडी अडली स्कॅनरवर. कागदाचा साधा स्कॅनर इथे कामाचा नाही. फिल्मच्या आरपार उजेड जायला झाकणातही दिवा लागतो. एप्सनच्या व्ही ६०० मध्ये १२० फिल्म बसते, पण हाफ प्लेट काच मावत नाही. निकॉनचा कूलस्कॅन ९००० बारकाव्यात सरस; मात्र ६ बाय ९ सेंटिमीटरच्या पुढे त्याची धाव नाही, आणि त्याचं उत्पादन कधीच थांबलेलं. बिघडला तर दुरुस्तीला न्यायचा कुठे? ड्रम स्कॅनर सर्वांत थोर. त्यात फिल्म तेल लावून नळकांड्याला गुंडाळतात. काच कशी गुंडाळणार?

राहिला एप्सनचा व्ही ८५०. त्यात ८ बाय १० इंचांपर्यंतची निगेटिव्ह मावते. खोक्यावर ६४०० डीपीआय छापलेलं असतं, हाती निम्म्याहून कमी येतं. आकड्यांच्या बाबतीत कंपन्या फार उदार! पण २४०० वर स्कॅन केलं तरी १२० च्या चौकोनी निगेटिव्हची प्रत्येक बाजू ५००० पिक्सेलच्या वर जाते. ३५ मिलिमीटरच्या फिल्मला हे साधत नाही. जुन्या फोटोग्राफरचा तो अवजड कॅमेरा इथे उपयोगी पडला.

धूळ आपोआप पुसायची सोयही यंत्रात आहे. रंगीत फिल्मला ती चालते. कृष्णधवल फिल्ममध्ये चित्र चांदीच्या कणांचं असतं. अवरक्त किरण त्या चांदीलाच धूळ समजतात आणि चेहरे खरवडून काढतात. ते बटण आम्ही बंदच ठेवलं. धूळ मऊ ब्रशनं झटकली. ओरखडे राहिले, राहू दिले.

एका लग्नाचा फोटो पडद्यावर उघडला तेव्हा शेजारी बसलेल्या आजींनी नवरानवरीकडे पाहिलंच नाही. मागच्या रांगेत, मांडवाच्या खांबाला टेकलेल्या पोरीवर बोट ठेवून म्हणाल्या, ‘‘एवढीच मोठी करून दे, बाबा.’’ तेवढाच तुकडा काढून छापला. नाकडोळे नीट आले होते.