सात जणींचा मोर्चा

१८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत हमीद दलवाई यांच्या पुढाकाराने सात मुस्लिम महिलांनी मोर्चा काढला आणि तोंडी तलाक व बहुपत्नीत्व यांवर बंदी मागितली. चार वर्षांनी, २२ मार्च १९७० रोजी, आपल्या पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झाले. वस्तुतः कुराणात पतिपत्नींच्या कलहात दोन्ही घरचे मध्यस्थ नेमण्यास सांगितले आहे. एका दमात तीनदा उच्चारलेला तलाक हनफी शास्त्र्यांनीही निंद्य ठरविला, तरीही तो ग्राह्य मानला. पीडा होती ती या ‘तरीही’मध्ये.

दलवाई १९७७ साली निवर्तले. त्यांच्या पत्नी मेहरुन्निसा यांनी कार्य पुढे नेले. जून २०१७ मध्ये त्यांचे निधन झाले आणि २२ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने ती प्रथा रद्दबातल ठरविली.

आम्हां ख्रिस्ती जनांनी हे शेजारघरचे दुखणे समजू नये. १८६९ च्या कायद्याने ख्रिस्ती पतीला घटस्फोटासाठी पत्नीचा व्यभिचार सिद्ध करणे पुरेसे होते. पत्नीला मात्र केवळ पतीचा व्यभिचार दाखवून भागत नसे, त्याच्या जोडीला क्रौर्य किंवा परित्यागासारखे कारणही सिद्ध करावे लागे. हा भेद मिटायला २००१ साल उजाडले. त्या सात जणींकडे पाहताना आम्ही आमची ही १३२ वर्षेही आठवावीत.