लेप, पलस्तर आणि पट्टी

पाय मुरगळला, पाठींत उसण भरली किंवा पायरीवरून घसरून मुका मार लागला, म्हणजे शहरांतील सुशिक्षित कुटुंबांत आज पुष्कळदां पहिला हात जातो तो औषधांच्या कपाटांतील चिकटपट्टीकडे. गोळी पोटांत घ्यावयाची झाली तर माणूस दोनदां विचार करतो; पट्टी मात्र वरून लावावयाची, तेव्हां तिच्यापासून अपाय तो कसला होणार, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ही समजूत कितपत खरी आहे, हें पट्टीचा पूर्वेतिहास पाहिला असतां जितकें स्पष्ट होतें, तितकें वेष्टणावरील बारीक अक्षरांवरून होत नाहीं.

दुखऱ्या जागीं औषध बसवून ठेवण्याची कल्पना फार प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांतील अठरावा अध्याय लेप आणि बंध यांनाच वाहिलेला आहे. त्यांत प्रलेप, प्रदेह आणि आलेप असे तीन प्रकार सांगितले असून लेपाची जाडी म्हशीच्या ओल्या कातड्याइतकी असावी, येथपर्यंत बारकावा आहे. परंतु त्या अध्यायांतील खरें मोल आहे तें निषेधांचें. लेप केसांच्या उलट दिशेनें लावावा, म्हणजे तो रोमकूपांत शिरून आपलें वीर्य आंत पोंचवितो, असें तेथें सांगितलें आहे. अर्थात् त्वचेंतून औषध शरीरांत जातें, ही गोष्ट ग्रंथकारानें गृहीतच धरली आहे. मग ओघानेंच पुढचे नियम येतात. वाळलेला लेप अंगावर तसाच राहूं देऊं नये. शिळा लेप वापरूं नये. एकदां काढलेला पुन्हां लावूं नये, कारण सुकल्यानें तो निर्वीर्य झालेला असतो. आणि एका लेपावर दुसरा लेप कधींहि चढवूं नये, कारण जाड थराखालीं उष्णता कोंडून वेदना व दाह हीं उलट वाढतात. आजच्या पट्टीच्या वेष्टणावर जीं बंधनें छापलेलीं असतात, त्यांतील निम्मीं तरी येथें आहेत.

मुक्या मारावर आंबेहळद आणि रक्त्याबोळ उगाळून कोमट लेप देण्याची महाराष्ट्रांतील चाल याच परंपरेंतली. तो लेप बहुधा सौम्य असे. बिब्ब्याची गोष्ट निराळी. ठणकत्या सांध्यावर बिब्बा लावीत आणि तो उतला, म्हणजे मूळचें दुखणें राहिलें बाजूस, फोडांचीच शुश्रूषा करण्याची पाळी येई.

युरोपांत हेंच काम पलस्तरें करीत. मोहरीच्या पिठाचें पलस्तर वेळेवर न काढल्यास कातडी भाजून निघे. पाठदुखीवर बेलाडोना या विषारी वनस्पतीचें पलस्तर एकोणिसाव्या शतकांत फार लोकप्रिय होतें. तें लावलेल्या कांहीं रोग्यांच्या डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारल्या, घसा कोरडा पडला व ते असंबद्ध बडबडूं लागले, अशा नोंदी त्या काळच्या वैद्यकीय लिखाणांत आहेत. पोटांत कणभरहि औषध गेलें नसतां ही विषबाधा झाली होती. १८४५ सालीं अमेरिकेंत शेकट व डे या दोघांनीं रबर मिसळलेल्या चिकट पलस्तराचें पेटंट घेतलें, आणि १८८२ सालीं हॅंबुर्ग येथील औषधविक्रेते पाउल बायर्सडॉर्फ यांनीं गटापर्चावर औषधाचा थर देण्याच्या रीतीचें. येथून पुढें पलस्तर ही घरीं करावयाची वस्तु न राहतां कारखान्यांतून विकत आणावयाची वस्तु झाली. आणि तिच्यांत काय घातलें आहे, हें पाहण्याची संवयहि हळूहळू सुटली.

आजच्या पुष्कळ पट्ट्यांना जो उग्र, किंचित् गोडसर वास येतो, तो मूळचा विंटरग्रीन या उत्तर अमेरिकेंतील झुडपाच्या तेलाचा. निलगिरीच्या डोंगरांत त्याच कुळांतील एका झुडपापासून असेंच तेल काढतात. या तेलांतील मुख्य द्रव्य मिथाइल सॅलिसिलेट होय, हें १८४३ च्या सुमारास फ्रान्समध्यें काऊर यांनीं व अमेरिकेंत प्रॉक्टर यांनीं निश्चित केलें. हें द्रव्य ॲस्पिरिनचें जवळचें आप्त आहे. तेलाच्या एका लहान चमच्यांत, म्हणजे ५ मिलिलिटरमध्यें, सुमारें ७ ग्रॅम सॅलिसिलेट असतें. ३२५ मिलिग्रॅमच्या वीसांहून अधिक ॲस्पिरिन गोळ्यांइतका हा ऐवज झाला, आणि लहान मुलाचा प्राण जाण्यास तो पुरेसा आहे. रक्त पातळ करणारें वॉरफरिन घेणाऱ्या माणसांना हें द्रव्य नुसतें अंगाला चोळल्यानें रक्तस्राव झाल्याचीं उदाहरणेंहि नमूद आहेत.

जपानांतील हिसामित्सु कंपनीनें १९३४ सालीं या द्रव्याची 'सॅलोनपास' ही पट्टी विक्रीस आणली. अमेरिकेच्या औषध-नियामक खात्यानें २००८ सालीं तिच्या एका प्रकारास चिठ्ठीशिवाय विक्रीची संमति दिली, पण अटी घालून : एका वेळीं एकच पट्टी, दिवसांत दोहोंहून अधिक नाहीं, आणि सलग तीन दिवसांहून अधिक नाहीं.

अशीं औषधें दुखणें थांबवितात तरी कशीं, याचा उलगडा बराच उशिरां झाला. १९७१ सालीं लंडनमध्यें जॉन व्हेन यांनीं दाखवून दिलें कीं, ॲस्पिरिन व तत्सम औषधें शरीरांत प्रोस्टाग्लॅंडिन नांवाचीं द्रव्यें तयार होऊं देत नाहींत. दुखावलेल्या जागीं सूज व ठणका येतो तो पुष्कळ अंशीं या द्रव्यांमुळें. या शोधाबद्दल १९८२ सालीं त्यांना दोन स्वीडिश शास्त्रज्ञांसह नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु हींच द्रव्यें जठराच्या अस्तराचें रक्षण करतात व मूत्रपिंडाचा रक्तपुरवठाहि सांभाळतात. म्हणून गोळी दुखणें थांबविते आणि पोट बिघडविते. दुखऱ्या जागेपुरतेंच औषध द्यावें, या विचारानें नवी दाहशामक पट्टी पुढें आली. डायक्लोफेनॅकच्या अशा एका पट्टीस अमेरिकेंत २००७ सालीं लचक, मुरगळणें व मुका मार यांच्या ताज्या वेदनेसाठीं मान्यता मिळाली. ती वापरली असतां रक्तांत उतरणारें औषध ७५ मिलिग्रॅमच्या एका गोळीच्या मानानें शेंकडा एका भागाहूनहि कमी भरतें. पट्टीच्या बाजूनें हें मोठेंच प्रमाण आहे. तें नाकारण्याचें कारण नाहीं.

तथापि कमी म्हणजे शून्य नव्हे. ॲस्पिरिननें ज्यांना दमा उठतो किंवा अंगावर गांधी येतात, त्यांनीं ही पट्टी वर्ज्य करावी. गर्भारपणाच्या विसाव्या आठवड्यापासून पुढें डॉक्टरांच्या सल्ल्यावांचून ती लावूं नये. पट्टीबरोबर त्याच वर्गांतील गोळीहि घेतल्यास पट्टीचा फायदा तो काय राहिला? जखम, खरचटणें, पुरळ अशा ठिकाणीं त्वचेचा वरचा थर शाबूत नसतो आणि औषध भलत्याच प्रमाणांत आंत जातें; म्हणून पट्टी धड कातडीवरच लावावयाची. तिच्यावर शेकण्याची पिशवी ठेवण्याची संवय तर अगदींच वाईट. मेंथॉल, मिथाइल सॅलिसिलेट वगैरे असलेल्या वरून लावण्याच्या औषधांनीं त्वचा भाजल्याचे ४३ प्रसंग नजरेस आल्यावर अमेरिकन खात्यानें २०१२ सालीं जाहीर इशारा दिला होता. कीटोप्रोफेन या औषधाचें वैर उन्हाशीं आहे. तें लावलेल्या जागीं ऊन लागून फोड येतात, म्हणून युरोपीय नियामक संस्थेनें २०१० सालीं तें डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळावें असें ठरविलें; पट्टी काढल्यावरहि दोन आठवडे ती जागा झांकून ठेवावी लागते, आणि जपानी पट्टीवर तर चार आठवडे सांगितलेले आहेत.

दुखापत किरकोळ आहे ना, हें मात्र पट्टी सांगूं शकत नाहीं. पाय टेकवत नसेल, अवयव वांकडा दिसत असेल, बोटें बधिर झालीं असतील, तर जागा झांकून ठणका दाबण्यापेक्षां हाड पाहून घेणें अगत्याचें.

एका बाबतींत मात्र सुश्रुताचा नियम आजच्या पट्टीस लागूं पडत नाहीं. वाळलेला लेप निर्वीर्य होतो. डायक्लोफेनॅकच्या वर सांगितलेल्या पट्टींत १८० मिलिग्रॅम औषध असतें, आणि बारा तासांनीं ती काढली तरी त्यांतील १७० मिलिग्रॅमपर्यंत तिच्यांतच शिल्लक राहूं शकतें. अशी पट्टी चिकट बाजू आंत दुमडून, रांगतें मूल किंवा घरचें कुत्रें-मांजर यांच्या तोंडीं लागणार नाहीं अशा झांकणाच्या डब्यांत टाकावी, असें तिच्या वेष्टणावर लिहिलेलें असतें.