रेडिओथेरपीचा ‘शेक’: लिनॅक मशिनमध्ये नेमके काय होते?

रेडिओथेरपीला आपल्याकडे ‘शेक’ किंवा ‘लाईट’ म्हणतात. शेक या शब्दामुळे अनेकांना वाटते की मशिन शरीर भाजते. प्रत्यक्षात उपचार सुरू असताना तुम्हाला उष्णता जाणवत नाही आणि दुखतही नाही.

बहुतेक ठिकाणी हे उपचार लिनॅक, म्हणजे लिनिअर ॲक्सिलरेटर, या मशिनवर होतात. त्यातल्या तापलेल्या फिलामेंटमधून इलेक्ट्रॉन हे ऋणभारित कण निघतात. हवा काढून टाकलेल्या धातूच्या नळीत मायक्रोवेव्ह लहरी त्यांना पुढे ढकलतात. त्यांचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या अगदी जवळ पोहोचतो आणि ते टंगस्टनच्या तुकड्यावर आदळतात. तिथे इलेक्ट्रॉन एकदम मंदावतात. त्यांनी गमावलेल्या ऊर्जेचा काही भाग क्ष-किरणांच्या रूपात बाहेर पडतो, तर उरलेल्या ऊर्जेने टंगस्टन तापते. हा धातू 3,400 अंश सेल्सिअसपर्यंत वितळत नाही, तरीही त्याला पाण्याने सतत थंड ठेवावे लागते. म्हणजे खरा शेक बसतो तो टंगस्टनला! तुमच्यापर्यंत येतात ते गाठीच्या आकाराप्रमाणे आखलेले क्ष-किरण. ते कर्करोगाच्या पेशींच्या डीएनएला इजा करतात.

गाठ त्वचेलगत असेल तर टंगस्टन बाजूला सरकवून थेट इलेक्ट्रॉनच वापरता येतात. ते काही सेंटिमीटरपेक्षा खोल जात नाहीत.

‘घरी गेल्यावर नातवंडांना जवळ घेऊ का?’ जरूर घ्या. बटण बंद केल्यावर बल्बचा प्रकाश जसा खोलीत साठून राहत नाही, तसे हे किरणही अंगात उरत नाहीत. ताट, कपडे, अंथरूण वेगळे ठेवून रुग्णाला उगाच एकटे पाडू नका. थायरॉइडसाठी किरणोत्सर्गी आयोडीन दिले असेल किंवा शरीरात किरणोत्सर्गी कण कायमचे बसवले असतील, तर मात्र काही काळ अंतर पाळावे लागते. त्याच्या सूचना डॉक्टर स्वतंत्रपणे देतात.

तंत्रज्ञ खोलीबाहेर थांबतात, कारण त्यांना रोज अनेक रुग्णांना उपचार द्यायचे असतात. कॅमेऱ्यातून ते तुम्हाला सतत पाहत असतात. काही त्रास वाटला तर सांगा, मशिन लगेच थांबवता येते.

काही आठवड्यांत त्या जागची त्वचा लाल किंवा काळपट होऊ शकते. तिथे गरम पाण्याची पिशवी लावू नका आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय मलम, हळद किंवा तेलही लावू नका. त्वचेवर काढलेल्या खुणा पुसू नका. पेसमेकर बसवलेला असेल किंवा गरोदरपणाची शक्यता असेल, तर पहिल्या सिटिंगच्या आधीच सांगा.