तळघरातली विमानं, घरातली मुलं

अमेरिकेतल्या मिलवॉकीत १९५३ साली पॉल पोबेरेझ्नी यांनी घरी विमान बांधणाऱ्या हौशी लोकांची संघटना उभारली. सुरुवातीचा कारभार त्यांच्या घराच्या तळघरातून चाले. पत्नी ऑड्री पत्रव्यवहार सांभाळत.

असं विमान पुरं व्हायला वर्षं लागतात. तोवर मुलांना दाराबाहेर ठेवणं कठीणच, आणि अन्यायाचंही! रिव्हेट मोजून देणं, पत्र्याच्या भोकांत तात्पुरत्या पिना बसवणं ही चिमुकल्या हातांची कामं. ड्रिल, इपॉक्सी आणि विमानाच्या कापडावर लावायचं डोप हे उग्र रसायन मात्र मोठ्यांकडेच हवं. मुलांच्या डोळ्यांवर गॉगल, कानांवर संरक्षक हवेतच.

पोबेरेझ्नींचा मुलगा टॉम कसरतीची उड्डाणं करणारा वैमानिक झाला आणि १९८९मध्ये संघटनेचा अध्यक्ष. १९९२मध्ये संघटनेने ८ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी मोफत विमानफेऱ्या सुरू केल्या. २००३पर्यंत दहा लाख मुलं उडाली.