हिरवा दिवा आणि धूर

मंडळी, धारूरच्या किल्ल्यावर बोलणारे माझ्याहून जाणकार इथे समोरच बसलेत. तेव्हा आज आपण केसाएवढ्या काचेच्या तारेविषयी बोलू.

१९५४ साली मोग्याच्या नरिंदरसिंग कपानींनी लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्याबरोबर काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र पलीकडे नेलं. अंतर मीटरभराच्याही आत. पुढे उजेड मरायचा. १९६६ मध्ये चार्ल्स काव आणि जॉर्ज हॉकहॅम म्हणाले, दोष काचेचा नाही, तिच्यातल्या मळाचा आहे. किलोमीटरनंतर शंभरातला एक भाग उजेड उरला तरी काम भागेल. १९७० मध्ये अमेरिकेतल्या कॉर्निंगने तशी तार ओढली. १९७९ मध्ये पुण्यात टेलिफोन एक्स्चेंजांमध्ये ती आली. आज किलोमीटरमागे शंभरातले पंचाण्णव भाग उरतात, आणि ही तार आपल्या छत्रपती संभाजीनगरातही तयार होते, बरं का!

२०११ मध्ये केंद्राने ग्रामपंचायती या तारेने जोडायची योजना मंजूर केली. तिलाच पुढे भारतनेट म्हणू लागले. आता प्रश्न असा, की ‘जोडलं’ म्हणजे काय झालं?

आमचाच अनुभव सांगतो. एका कॉलेजात आम्ही प्राचार्यांच्या शेजारच्या खोलीत बसायचो. दोन इमारतींमध्ये तार टाकली. स्विचच्या खाचेत बोटाएवढं मॉड्यूल सरकवलं, ‘टक’ झालं. स्विच बंदही करावा लागत नाही. मॉड्यूलला दोन भोकं असतात, एक उजेड धाडणारं, एक घेणारं. इकडचं धाडणारं तिकडच्या घेणाऱ्याला जोडायचं. आमच्याकडे बोलणारं तोंड बोलणाऱ्या तोंडाला जोडलं होतं! कान मोकळेच. सभांमध्येही असंच होतं म्हणा. तारा उलटवल्या, हिरवा दिवा लागला, पेढे वाटले.

आणि शिष्यवृत्तीचे फॉर्म काही जाईनात. अर्ध्यावर अडकायचे. मुलं तीन दिवस रांगेत, मुदत संपत आलेली. आम्ही त्यांना दिवा दाखवून म्हणायचो, ‘लाइन चालू आहे, तुमचंच काही चुकतंय.’

नैयायिक धुरावरून अग्नीचं अनुमान करतात. पण जो हेतू साध्य नसतानाही आढळतो, त्याला ते व्यभिचारी म्हणतात. आमचा दिवा तसा होता. उजेड पोचतोय एवढंच तो सांगत होता, पुरेसा आणि स्वच्छ पोचतोय का, हे नाही. चौथ्या दिवशी एक तरुण तंत्रज्ञ आला. त्याने पलीकडच्या टोकाला मीटर लावून उजेड मोजला, तो फारच कमी. (भोकात डोळा घालून बघायचं नाही हं! तो उजेड दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.) टोकावर धुळीचा कण होता. खास कापडाने पुसलं, पुन्हा मोजलं, मग हजार पाकिटं पाठवून किती परत आली ते पाहिलं. सगळी आली.

पंचायतींच्या योजनेत बहुधा एकाच तारेतून दोन निराळ्या तरंगलांबींचा उजेड ये-जा करतो, म्हणून तोंडाला तोंड हा घोळ तिथे होत नाही. धुळीचा होतो. म्हणून पंचायतीत जोडणी झाली की सरपंचांनी दिव्याचा फोटो काढून थांबू नये, पंचायतीच्या टोकाला मीटरवर आलेला आकडा वहीत लिहून घ्यावा. पुढे बिघाड झाला तर ताडून पाहायला तोच लागतो.

आमच्या रांगेतल्या दोन मुलींचे फॉर्म त्या वर्षी राहिलेच. त्यांना आम्ही ‘तुमचंच चुकतंय’ म्हणालो होतो.